दुसऱ्या हातचा घास

बोरीच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, तेव्हा शैलजाबाई तिथे गणित शिकवत होत्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या छत्री उचलून घरी निघत. "बाई, रोज गरम जेवण दिसतंय," असे मी एकदा म्हणालो. "चला की सर, तुमी बी," त्या म्हणाल्या. मी गेलो.

घरी त्यांची मुलगी मनीषा होती, तेव्हा बारा वर्षांची. तिला चालता येत नाही, बोलता येत नाही. शिवाय ती स्वमग्न आहे. बाईंनी दुधात भाकरी कुस्करली. त्या तिच्या डाव्या बाजूला बसल्या आणि प्रत्येक घासाआधी "मनू, घास" एवढेच म्हणत राहिल्या. समोर कोणी बसलेले तिला सोसत नाही. बाई स्वतः जेवल्या नाहीत. पुढच्या तासाला वर्गात वेळेवर होत्या. तशी थट्टा मी पुन्हा केली नाही.

माझी आई आजारी असताना बाईंनी महिनाभर माझे तास घेतले. त्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही.

मनीषा बाईंशिवाय कोणाच्याही हातून खात नसे, वडिलांच्याही नाही. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तरी त्यामुळे त्या दोन वर्षे शस्त्रक्रिया टाळत राहिल्या. अखेर शेजारच्या गयाबाईंना त्यांनी चार महिने शिकवले. आधी गयाबाईंच्या हातावर स्वतःचा हात, मग कोपराला नुसती बोटे, मग बाई दाराबाहेर. मनीषा खाऊ लागली.

गेल्या वर्षी परभणीत त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. बाईंच्या यजमानांबरोबर मीही होतो. दुसऱ्या सकाळी गयाबाईंचा फोन आला, तो मी स्पीकरवर लावला. "बाई, कालपासून तोंड उघडंना वो. नुसती किंचाळायलीय."

"नव्या बांगड्या भरल्या का तुमी?"

"व्हय. पुतणीचं लगीन हाय न्हवं."

गयाबाई एरवी प्लास्टिकच्या दोनच बांगड्या घालत. काचेची किणकिण मनीषाला सोसत नाही. बाईंनी स्वतःच्या बांगड्या फार पूर्वी उतरवल्या आणि गावाचे बोलणे ऐकून घेतले. गयाबाईंना मात्र त्यांनी तसे सुचवले नाही. "काढू नका. मी निघते," त्या म्हणाल्या.

"कुठं निघता? डोळा घालवायचाय का? थांबा जरा."

बांगड्या वाजू नयेत म्हणून तिकडे गयाबाईंनी मनगटापासून कोपरापर्यंत ओला टॉवेल गुंडाळला. "मनू, घास," असे फोनवर ऐकू आले. मग बराच वेळ काही नाही.

"खायलीय वो बाई! माझं बोट चावली, पर खायलीय!"

बाईंनी फोन ठेवला. मग यजमानांना म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारा, दुसरा डोळा कधी करायचा."

मुलीपेक्षा एक दिवस जास्त जगा, असे लोक बाईंना सांगतात. त्या ऐकून घेतात आणि आणखी कोणाला तरी घास भरवायला शिकवतात. आता गल्लीतल्या तिघींच्या हातून मनीषा जेवते.

परवा बाई पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या. दिवसभरात त्यांनी घरी एकदाच फोन केला. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पुढचे आयुष्य त्यांना निरोगी आणि मोठे मिळो, आणि त्यात असे दिवस पुष्कळ असोत.