काउंटरखालची होडी

खाडीकाठच्या त्या बर्गर-बारचं इंटिरियर माझ्याकडे आलं, तेव्हा पुणं सोडून रत्नागिरीत परतल्याला मला जेमतेम वर्ष झालं होतं. पुण्यात चार कॅफे केले होते, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर होती.

मालक बावीस वर्षं परदेशी जहाजांवर कुक होता. बर्गर तिथेच शिकला आणि आता त्यात सुरमई घालून विकायचा म्हणत होता. भिंती उघड्या जांभ्याच्या, खाली लाल कोबा, खाडीकडची बाजू पूर्ण मोकळी, हे सगळं त्याने माझ्यावर सोपवलं. मागणी एकच होती. वारलेल्या वडिलांची छोटी होडी अंगणात झावळ्यांखाली पडून होती, ती आत कुठेतरी लागली पाहिजे.

कारण त्याची आई. तिने बाजारात मासे विकून त्याला वाढवलं होतं. बार हा शब्द ऐकल्यापासून मात्र ती तिकडे फिरकायला तयार नव्हती. होडी असेल तर येईल, असं त्याला वाटत होतं. ती आली नाही तर उद्घाटन कुणासाठी करायचं, असं तो मला दोनदा म्हणाला.

मी होडीचं बार काउंटर करायचं ठरवलं. मध्ये कापून अर्धी भिंतीला लावायची असा माझा बेत होता, पण होड्या बांधण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्या म्हाताऱ्या सुताराने करवत लावायला साफ नकार दिला. मग अख्खी होडी ठेवून वर सागवानी फळी बसवली. उंच स्टुलांवर बसणाऱ्यांना पाय टेकायला खाली पितळी दांडा हवा, तो मिरजोळ्याच्या वर्कशॉपमधून वाकवून आणला आणि होडीच्या बाजूने थेट नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, फिरवला. सुतार म्हणाला, तिथे पाय लागतील, एकदा मालकांच्या आईला विचारा. पाय लागावेत म्हणूनच तर दांडा आहे, असं मी त्याला ऐकवलं. तो स्क्रू पिळत राहिला. मला वाटलं, पटलं त्याला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मालक आईला होडी दाखवायला घेऊन आला. ती उंबऱ्यातच थांबली. बाटल्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. वायरिंगवाला आणि रंगारी नेमके काउंटरला बसून चहा पीत होते, एकाचा सिमेंटने माखलेला बूट दांड्यावरून घसरून नाळेला टेकला होता. दर नारळी पौर्णिमेला ती ज्या नाळेला हळदकुंकू लावायची, तीच ही नाळ. मालकाचा उतरलेला चेहरा बघितल्यावर हे माझ्या लक्षात आलं. या गावात वाढलेल्या मला ते आधी सुचायला हवं होतं.

ती पुढे आली. माणसं उठली. तिने पदराने नाळ पुसली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाय, होडीत मानसं बसतात. तिला लाथा नाय मारीत."

एवढं बोलून ती रिक्षात जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकही तिच्या मागोमाग निघाला. त्याने ओरडावं, असं फार वाटत होतं.

उद्घाटन आठ दिवस पुढे गेलं. दांडा मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन काढला. बारला जांभ्याचं साधं काउंटर बांधलं आणि ते प्रवेशाच्या समोरून हलवून कोपऱ्यात नेलं. होडी पुढे आणली, नाळ खाडीकडे करून ओट्यावर चढवली, आत समोरासमोर बाकं आणि मध्ये अरुंद टेबल बसवलं. घरच्या माणसांना घेऊन येणाऱ्यांनी तिथे बसावं. सुताराने स्क्रूची भोकं इतकी नेटकी बुजवली की मला शोधूनही सापडेनात. त्याचं ऐकायला हवं होतं, हे मी त्याला सांगितलं. त्याने पॉलिशचा डबा पुढे केला आणि मला कामाला लावलं.

आई उद्घाटनाला आली. नव्या लुगड्यात होती. नाळेला तिने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बाजूला उभी राहिली. मुलगा हात धरून तिला होडीत चढवू लागला, तर ती मागे सरली. मला वाटलं, अजून राग आहे. मी पुढे होऊन विचारलं, आता काय चुकलं?

"चाळीस वर्सं नारळ फोडला हिला," ती म्हणाली. "आत पाय नाय ठेवलेला कधी. बायकांनी चढायचं नसायचं."

मग तिने चपला काढल्या, मुलाच्या खांद्यावर हात टेकला आणि चढली.