काढता न येणारा चष्मा

काटा काढायला बसल्या की छायावहिनी आधी चष्मा काढतात. तो जवळ असेल त्याच्या हातात देतात, आलेल्या माणसाचा पाय मांडीवरच्या गोणपाटावर घेतात, सुईचं टोक काडीच्या जाळावर धरतात आणि तळव्यावर वीत-दीड वीत अंतरावर वाकतात. तेवढ्या अंतरातलं सगळं जग त्यांचं. आत मोडलेल्या बोरीच्या काट्याचा काळा ठिपका आपल्याला शोधूनही सापडत नाही, त्यांना तो लगेच दिसतो. म्हैस आटली का, पोरीचं लग्न कुठवर आलं, अशा चौकशा चालू असतात आणि अर्ध्या वाक्यात काटा बाहेर येतो. रक्त क्वचितच दिसतं.

या कामाचं कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम. भाजीची जुडी आणली तरी परत पाठवतात. घेतलं तर सुई आंधळी होते म्हणे.

मी त्यांचा धाकटा दीर, रोहिदास. राहायला सगळे एकाच घरात, कडावला. मी इको गाडी चालवतो, माथेरानला निघालेल्या पाहुण्यांना गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत वर सोडतो आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं अर्धवट ज्ञान संध्याकाळी गावात वाटतो, असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. पण गावात उरलेलं अर्धं ज्ञान तरी कुणाकडे आहे?

वहिनींचा चष्मा उणे तीनचा, लग्नाच्या आधीपासूनचा. लग्नात सासरकडच्या बायकांनी नवरीच्या दागिन्यांच्या आधी चष्मा पाहिला आणि त्यावरून पुढं पुष्कळ दिवस करमणूक करून घेतली. भाताच्या लावणीत तर त्या चष्म्यानं त्यांचा जीव नकोसा व्हायचा. पाऊस काचेवर बसतो, चिखल उडतो, म्हणून तो काढून कमरेला खोचायचा. आणि काढला की बांधावर कोण उभं आहे ते कळायचं नाही. एकदा त्यांनी खतकंपनीच्या माणसाला सासरा समजून डोक्यावर पदर घेतला, आणि मागून खरे सासरे आले त्यांना विचारलं, "काय पायजे हो तुमाला?" आमचे वडील त्यानंतर कितीतरी दिवस हसत होते.

गेल्या लावणीत चष्मा कमरेतून निसटून चिखलात गेला. ओळीतल्या सगळ्या बायका वाकून चिखल चाचपू लागल्या आणि हसू लागल्या. वहिनीपण हसत होत्या. बांधावर त्यांची मुलगी सोनाली डबा घेऊन उभी होती, ती मात्र हसली नाही. ती कर्जतला एका बँकेत आहे, आईचाच नंबर तिच्याही डोळ्यांत उतरलाय.

घरी येऊन ती म्हणाली, "काका, मी लेझर करून घेणार हाय. आन आईचंपण करणार. दोघींचं एकदम."

आता लेझर म्हणजे काय, हे घरात मी सांगायचं नाही तर कोणी? मी सांगितलं की डोळ्यावर एक जळमट साचतं, त्याला नंबर म्हणतात, लेझर ते जाळून टाकतो. खाली डोळा नवा कोरा निघतो. वहिनींना हे फार पटलं. त्यांचा स्वतःचा हिशेब तर आणखी सरळ होता. चष्मा काढला की जवळचं त्यांना लख्ख दिसत होतंच. लेझरनं लांबचं दिसू लागलं की झालं, जवळचं हाय ते हाय, लांबचं वर मिळालं. उलट अलीकडे चष्म्यातून जवळचं धुरकट दिसतं, तो त्या काचेचाच दोष, काच गेली की तोही गेला. मला या हिशेबात काही खोट दिसली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या माणसाला मुसळ कुठून दिसणार?

पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी दोघींना घेऊन गेलो. तिथं डोळ्यांत थेंब टाकून, यंत्रापुढं हनुवटी टेकवून, बुबुळापुढचा पारदर्शक पडदा किती जाड आहे तेसुद्धा मोजलं. तो पातळ असेल किंवा त्याचा आकार बिघडलेला असेल तर लेझर करत नाहीत, आणि नंबर वाढता असेल तरी थांबायला सांगतात. दोघींचे डोळे त्यात बसले. डॉक्टर मेघा पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी वहिनींना विचारलं, "काम काय करता?"

"काय नाय. घरीच असते."

"जवळून बघायचं, बारीक काम? शिवण, विणकाम?"

"नाय ओ. शेतावर जाते, भाकऱ्या थापते."

"तुमच्या वयात लेझरनंतर जवळच्यासाठी चष्मा लागेल, हं. चाळिशीचा. चालेल ना?"

वहिनींनी मान हलवली. चाळिशी त्यांच्या मते दुसऱ्यांना लागते. त्यांना सुईत दोरा दिवा न लावताही ओवता येत होता.

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्याकडची कुठलीही बाई असंच सांगेल. भात लावते, म्हैस पिळते, चार घरची लग्नं उरकते, आणि विचारलं की म्हणते घरीच असते. त्यातून काट्यांचं तर काही घ्यायचंच नाही. ज्याचं काही घ्यायचं नाही ते काम कसलं?

ठरलेल्या दिवशी आधी सोनालीला आत नेलं. नातेवाइकांना बाहेर पडद्यावर आतलं दिसतं, तिथं वहिनी आणि मी बसलो. वहिनींना हिरवी टोपी घातलेली होती, नंतर त्यांची पाळी. समजावून सांगायला माधवी नावाची तिथली बाई होती, आणि मी प्रश्न विचारणारा असल्यामुळे तिला दुसरं काही सुचू दिलं नाही.

पडद्यावर सोनालीचा डोळा परातीएवढा दिसत होता. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तारेचा चाप लावला होता. डोळा थेंबांनी बधिर केलेला, पोरगी जागी, वरच्या दिव्याच्या ठिपक्याकडे बघत पडलेली. पहिल्या लेझरनं समोरच्या पारदर्शक पडद्याचा एक पातळ पापुद्रा सोडवला. डॉक्टरांनी तो एका बाजूला उलटला, एका कडेला तो जोडलेलाच होता. मग दुसरा लेझर टिकटिक वाजत आला. सोनालीनं नंतर सांगितलं की केस जळल्यासारखा वास आला, पण दुखलं काही नाही.

"जळमट जळालं," मी म्हणालो.

"कसलं जळमट?" माधवी म्हणाली. "डोळा स्वच्छच असतो, काका. समोरचा हा पडदा घुमटासारखा असतो. तो जास्त फुगीर असला किंवा डोळा लांबट असला, की लांबून आलेला उजेड आतल्या पडद्यावर पोचायच्या आधीच एकत्र येतो. म्हणून लांबचं पुसट. लेझर घुमटाच्या मधला भाग थोडा तासतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. घुमट जरा सपाट झाला की उजेड बरोबर आतल्या पडद्यावर."

"आन अधिक नंबर असंल तर?"

"मग मधलं ठेवून कडेकडेनं तासायचं, मध्ये उंचवटा येतो. आणि तिरका नंबर असेल तर घुमट एका बाजूनं जास्त वाकलेला असतो, तो सारखा करायचा."

तोवर आत पापुद्रा परत जागेवर बसवून पाण्यानं धुतला होता. टाका नाही, पट्टी नाही, तो आपोआप धरतो. वहिनी सगळं टक लावून बघत होत्या. काट्यावर वाकल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसाच झाला होता. त्यांनी माझ्यापेक्षा कमी विचारलं, पण नेमकं विचारलं.

"म्हंजे चश्म्याची काच जे काम करती, त्येच करनारा आकार डोळ्याला देतात?"

"अगदी बरोबर," माधवी खूश झाली. "चष्मा डोळ्यातच कोरला म्हणा ना. आता कधी काढायलाच नको."

वहिनींचा हात नाकावरच्या चष्म्याकडे गेला. मग म्हणाल्या, "आन काढायचा असंल तर?"

"काढायचा कशाला?"

"काटा काढताना."

माधवीला काही कळलं नाही. मला कळलं. काटा काढायला बसल्या की त्या आधी काय करतात, हे रोज बघणारा माणूस मी, आणि जळमटं जाळत गावभर फिरत होतो.

सोनालीचा दुसरा डोळा संपवून डॉक्टर मेघा बाहेर आल्या तेव्हा वहिनी टोपी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काट्यांचं सांगितलं. डॉक्टर जरा चमकल्या. "तुम्ही तर घरीच असता म्हणालात."

"घरीच काढते," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा घालायला लावला आणि त्यांचाच तळहात वीत-दीड वीत अंतरावर धरायला सांगितला. "रेषा दिसतात?"

"धुरकटल्यागत."

"आता चष्मा काढा."

"आता लख्ख."

"चष्मा घालून जे दिसलं, ते लेझरनंतर कायमचं. तुमची चाळिशी केव्हाच आलीय, पण तुम्हाला ती कळलीच नाही. चष्मा काढला की तुमचा डोळा आपोआप एवढ्याच अंतरावर लागतो, म्हणून. हा उणे नंबर आहे म्हणून लांबचं दिसत नाही, आणि हा नंबर आहे म्हणूनच या वयातही जवळचं असं दिसतं. दोन्ही एकच गोष्ट आहे."

"लेझर केल्यावं वाचायचा चश्मा लावून काटा नाय निघायचा?"

"निघेल. मला तसाच लावावा लागतो. सवय करावी लागेल." मग त्यांनी दुसरा मार्गही सांगितला. एका डोळ्याला लांबचं द्यायचं, दुसरा जवळच्यासाठी तसाच ठेवायचा. काही लोकांना ते छान जमतं. पण बारीक कामात दोन्ही डोळे एकत्र लागले तरच खोली नीट कळते. म्हणून आधी काही दिवस एका डोळ्यात लेन्स घालून बघायचं, मग ठरवायचं. "घाई नाही. आज तुम्हाला मी आत नेणार नाही."

वहिनींनी एक डोळा हातानं झाकला आणि बाजूच्या टेबलावर पडलेली टाचणी उचलायला गेल्या. बोटं टाचणीच्या अलीकडेच मिटली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी दोन्ही डोळे उघडले आणि टाचणी उचलली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

सोनाली काळा चष्मा लावून बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं अजून वाफेतून दिसावं तसं दिसत होतं, पण भिंतीवरची मोठी अक्षरं तिनं चष्म्याशिवाय वाचली आणि ती हसू लागली. मग आईच्या हातातली टोपी तिला दिसली.

परतताना गाडीत तिनं पहिल्यांदा राग काढला तो माझ्यावर, कारण मी चालवत होतो. मग आईकडे वळली. "सगळं ठरलं होतं गं. मी तुझ्यासाठी केलं. त्या चिखलात सगळ्या हसत होत्या तुला. तूपण हसत होतीस. मला नाय बघवलं ते."

"मला म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "मी रडायचं नाय म्हनून हसले."

हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मला फार वाईट वाटलं, आणि खतकंपनीच्या माणसाची गोष्ट मी कितीदा आणि किती रंगवून सांगितली ते आठवलं.

चौक गावाच्या पुढं सोनालीनं विचारलं, "मंग तरीपण का नाय म्हनलीस?"

वहिनींनी तिच्या डोळ्यांना वारा लागू नये म्हणून काच वर केली. मुलीचा हात डोळ्याकडे जात होता, तो धरून खाली ठेवला. चोळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अगं, लोक म्हनतात छायाच्या हाताला गुण हाय. मीपण तेच धरून चालले व्हते. देवानं डोळ्यांत खोट ठिवली, म्हनून बदल्यात हाताला गुण दिला, असं मनाला समजवायची." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "हातात कायबी नव्हतं गं, सोना. गुण त्या खोटीतच व्हता."