वरच्या खोलीतल्या पोरीचे गुडघे

मंडळी, आज डोकं जाग्यावर नाही, म्हणून लिहून राहिली.

माझ्या वरच्या खोलीत भातकुलीकडची एक पोरगी भाड्यानं राहते, परीक्षेचा अभ्यास करते. गुडघे सुजले म्हणून सकाळी तिले दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या गुडघ्यात नाही, साऱ्या अंगातच सूज आहे. मग विचारलं, "दिवसभर बोलतेस कोणाशी?"

"कोणाशीच नाही."

बाई म्हणाल्या, सुजेचं कारण शोधू, पण असं एकटं राहून अंग आन् मन दोन्ही बिघडते.

येताना ऑटोत पोरगी हळूच म्हणाली, "काकू, झोपावं आन् उठूच नये वाटते."

घरी येऊन तिच्या बापाले फोन लावला. "भाऊ, पोरीले दवाखान्यात नेलं होतं, आजच या."

"गुडघेच ना ताई? गोळ्या द्या. परीक्षा झाली की येतो."

"अहो, गुडघ्याचं नाही, झोपून उठूच नये म्हणते पोरगी, तिच्या जिवाचं सांगून राहिली!"

"अभ्यास टाळाचे बहाणे आहेत सारे," म्हणे, आन् फोन ठेवला.

पोरगी आता माझ्याजवळच आहे, एकटी सोडली नाही. डॉक्टरीणबाईले कळवलं, उद्या मनाच्या डॉक्टरकडे न्याचं आहे. पण परीक्षेपर्यंत पोरगी जिती राहिली पाह्यजे, हे त्या बापाले कोणत्या भाषेत सांगू?