लसूणघासातला गोल्फ

नाशिकला ब्रॉडबँड नुकतं आलं होतं, त्या काळात मी गोल्फ खेळत असे. बसून.

आमच्या गावात गोल्फ क्लब नावाचं एक मैदान आहे. तिथे लोक चालतात, पळतात, सभा भरवतात. गोल्फ खेळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. माझा गोल्फ इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, आईच्या शिवणयंत्राशेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर चाले. माउसचं बटण तीनदा दाबायचं. पहिल्यांदा काठी मागे जाते, दुसऱ्यांदा जोर ठरतो, तिसऱ्यांदा नेम. वारा किती आणि कुठून, ते पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बाणाने दाखवलेलं असे. समोर खेळायला जगाच्या पाठीवरचा कुणीही यायचा. माझी गाठ बहुतेक वेळा एका इंग्रज म्हाताऱ्याशी पडे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत होतो. तिथे सकाळचा पहिला बुश (म्हणजे यंत्रात बसणारी धातूची आखूड नळी) ज्या मापाचा, संध्याकाळचा शेवटचाही त्याच मापाचा लागतो. नसला तर भंगारात. अशा माणसाला खेळाच्या कंपनीने एक दिवस कळवलं की खेळात आता खरेपणा आणत आहोत. म्हणजे काय, तर तिन्ही वेळा बटण अगदी पूर्वीसारखं दाबलं तरी चेंडू दर वेळी थोडा इकडेतिकडे पडणार. माझं डोकं फिरलं. वेबसाइटवर खेळाडूंना भांडायला एक पान दिलेलं होतं. तिथे मी सातत्याचा झेंडा घेऊन उभा राहिलो. म्हातारा खरेपणाच्या बाजूला गेला. तो रविवारी खऱ्या मैदानावर खेळायचा म्हणे. त्याने लिहिलं, आयुष्यभरात माझे दोन फटके सारखे गेलेले नाहीत. मी लिहिलं, मग सराव वाढवा. (इंग्रजाला असं सुनावण्याची संधी आमच्या घराण्यात तोवर कुणाला मिळाली नव्हती.)

या भांडणाच्या ऐन भरात पिंपळगाव बसवंतचे मामा आले. त्यांचं तिथे खता-औषधांचं दुकान आहे, आणि फावल्या वेळात ते माझ्यासाठी स्थळं बघत. खुर्चीमागे उभे राहून त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"काय खेळतोस?"

"गोल्फ."

"कुणाबरोबर?"

"एक इंग्रज आहे."

"जिंकतं कोण?"

"मीच."

मामा चहा पिऊन गेले. पिंपळगावात त्यांनी जे सांगितलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही मान्य करतो. भाचा गोल्फ खेळतो, इंग्रजाशी खेळतो आणि जिंकतो.

त्यांनी हे सांगितलं ते नेमकं नानांना. नाना म्हणजे द्राक्षांचे मोठे बागायतदार. हायवेला पॅकहाऊस, मागे कोल्ड स्टोरेज, आणि शुभांगी नावाची लग्नाची मुलगी. नाना एकदा बागायतदारांच्या सहलीबरोबर हॉलंडला जाऊन आले होते. तिथे बसच्या खिडकीतून त्यांनी चार गोरी माणसं गोल्फ खेळताना पाहिली आणि खेळ संपल्यावर ती हात मिळवताना पाहिली. तेवढ्यावरून त्यांचं पक्कं मत झालं की गोऱ्या माणसाशी व्यवहार करायचा तर त्याला आधी गोल्फ खेळवावा लागतो. त्या हंगामात हॉलंडचा खरेदीदार बाग बघायला येणार होता. अडचण एवढीच होती की अख्ख्या निफाड तालुक्यात गोल्फ खेळणारा माणूस नव्हता. मामांनी ती दूर केली.

बघण्याचा कार्यक्रम ठरला. शुभांगी पॅकहाऊसचं सगळं बघायची. घडातले लहान-मोठे मणी कात्रीने उडवून उरलेला घड एकसारखा करायचा, हे तिच्या हाताखालचं काम. म्हणजे तीही क्वालिटीतलीच! मला ती फार आवडली. इतकी की पोहे गोड होते की तिखट हे मला आईने रिक्षात विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला.

"खेळून खेळून हाताला फोड येतात का हो?"

मी उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. (ते खरोखरच दुखायचं.) तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ दाबून रिकाम्या बशा उचलायला लागली.

निघताना नाना म्हणाले, "मुलगा पसंत हे आपल्याला. पण साहेब येऊन जाऊ द्या. तुम्ही त्यांच्यासंगं एक डाव खेळा, मंग सुपारी फोडू." खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला, त्यामागे शुभांगीची निळी साडी दिसली, आणि मी तोंड मिटलं.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात नानांचा फोन आला. खड्डे किती लागतात, असं त्यांनी विचारलं. अठरा, मी सांगितलं. दोन खड्ड्यांत अंतर किती? मी खेळातला आकडा सांगितला, तीनशे-चारशे वार. नानांनी मनातल्या मनात रान मोजलं. मग म्हणाले, तसं केलं तर शेवटचा खड्डा हायवेच्या पलीकडं जाईल. दहा-दहा फुटांवर चालतंय का? माझ्या डोळ्यांसमोर निळी साडी होती. मी म्हणालो, चालतंय. गवताचं काय? गायींसाठी लसूणघास केलेला हे, त्याच्यासारखं हिरवं दुसरं काय नाय. म्हटलं, तेही चालतंय. खड्डा केवढा घ्यायचा हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. खड्डा कसा घ्यायचा हे पिंपळगावचा बागायतदार नाशिकच्या माणसाला विचारत नसतो.

साहेब येईपर्यंत मी कसून तयारी केली. म्हणजे रोज गरम पाण्यात बोट शेकलं.

ठरलेल्या दिवशी सकाळीच पोचलो. नाना नवीकोरी पांढरी टोपी घालून बांधावर उभे होते. गांधी टोपी नव्हे, पुढे छज्जा असलेली. समोर गुडघाभर लसूणघास वाऱ्यावर डुलत होता. खड्डे काही दिसेनात. मग मुकादमाने हाताने घास बाजूला करून दाखवलं. हा माणूस पंचक्रोशीत डाळिंबाचे खड्डे घेण्यात नावाजलेला. दोरी लावून सरळ ओळीत घेतलेले, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तळाला पालापाचोळा, त्यावर शेणखत, वरून वाळवी लागू नये म्हणून पावडर भुरभुरलेली. मी एकामागून एक वाकून पाहत गेलो. अठराच्या अठरा एका मापाचे. सातत्य म्हणाल तर आमच्या कारखान्यात एवढं नव्हतं.

"बराबर हे ना?" नानांनी विचारलं.

"उत्तम आहे," मी म्हणालो. शेणखताबद्दल मी मुद्दामच काही बोललो नाही.

थोड्या वेळाने साहेब जीपमधून उतरले. उंच, लालबुंद, शांत माणूस. पॅकहाऊसच्या बायका हातातलं काम टाकून बांधावर जमल्या. मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. शुभांगी क्रेटच्या थप्पीला टेकून उभी. साहेबांनी दोन-तीन खड्ड्यांत डोकावून पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं, इथे कसली झाडं लावणार आहात?

"काय म्हणून ऱ्हायले?" नानांनी विचारलं.

"म्हणतायत, सुरुवात करा."

"मंग करा ना तुम्ही."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात, तो मी असा इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून पाडून घेतला. नानांनी मुंबईहून काठ्यांची पिशवी मागवली होती. काठ्यांच्या मुठींवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. मी सगळ्यात लांब काठी उचलली, कारण खेळात पहिल्या फटक्याला तीच येते. काठी धरली. चेंडू लसूणघासात दिसेनासा झाला होता, तो पायाने शोधून काढला. मग वारा बघण्यासाठी डाव्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक बगळा होता.

मी सवयीने काठीच्या मुठीवर बोट तीनदा दाबलं. काही झालं नाही. मग माझ्या लक्षात आलं की इथे पूर्ण अंगाने काहीतरी करावं लागणार आहे. मी काठी फिरवली. मूठभर लसूणघास उडाला, चेंडू जागेवर. पुन्हा तशीच फिरवली. या वेळी मातीचं एक मोठं ढेकूळ निघालं आणि मामांच्या शर्टावर छातीच्या मधोमध बसलं. (नेम चांगला होता, हे मामांनीही नंतर कबूल केलं.) तिसऱ्यांदा मी अगदी तीच कृती, त्याच जोराने केली, आणि काठीच हातातून सुटली. तीन वेळा एकच कृती आणि तीन वेळा वेगळा परिणाम. त्या इंग्रज म्हाताऱ्याचं म्हणणं मला त्या क्षणी पूर्ण पटलं.

बांधावर कुणी हसलं नाही, कारण कुणालाच गोल्फ माहीत नव्हता. काठी फेकणं हा कदाचित खेळाचाच भाग असेल, अशी त्यांची समजूत होती. तीच मला वाचवणार असं वाटलं. मी चेहरा शांत ठेवून, जगभर असंच असतं अशा थाटात, ऐटीत पावलं टाकत काठी आणायला निघालो. पाचव्या की सहाव्या पावलाला जमीन संपली.

लसूणघास पुन्हा वरून मिटला. आधी काही कळलं नाही, मग घोट्यात कळ आली आणि शेणखताचा वास आला. सगळ्यात आधी धावत आले ते साहेब. त्यांनी मला काखेत धरून कडेला बसवलं, पाय बघितला, मान हलवली. मग खड्ड्यात हात घालून मूठभर शेणखत उचललं, चुरगाळलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. साहेब बटाटेवाल्या शेतकऱ्याचे चिरंजीव निघाले. गोल्फ त्यांनी जन्मात खेळलेला नव्हता. मी विव्हळत असल्याने भाषांतराचं काम मामांकडे आलं. मामांचं इंग्रजी औषधांच्या डब्यांवरच्या लेबलांपुरतं. पण गंधक, बोर्डो मिश्रण, झिंक एवढ्या शब्दांवर नाना, मामा आणि साहेब असे काही रंगले की माझी आठवण शुभांगीने करून दिली, तेव्हा कुठे जीप निघाली.

प्लास्टर गुडघ्यापर्यंत आलं. संध्याकाळी दवाखान्यात नाना खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. छज्ज्याची टोपी त्यांनी मांडीवर काढून ठेवली होती.

"खरं सांगा. ह्याच्याआधी काठी हातात धरली होती का कधी?"

"नाही."

"आन् तो इंग्रज?"

"कॉम्प्युटरवर असतो."

मामा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पायाचं दुखणं मी विसरलो. मला एवढंच दिसत होतं की सुपारी गेली आणि शुभांगीही गेली. तेवढ्यात ती थर्मासमधून चहा ओतता ओतता म्हणाली, "नाना, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका बोटानं काय गोल्फ खेळतंय कुणी."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी ते अठरा खड्डे घेताना मला विचारलं का? आन् खोटं बोलता येत नाय यांना, ते बरंच हे की. घरात लगेच सापडतील."

नाना उत्तर देणार, एवढ्यात दारात त्यांच्या शेजारच्या मळ्याचा बागायतदार उभा. दोघांचं बांधावरून जुनं वाकडं होतं आणि हा गृहस्थ नक्की खोदून काढायलाच आला होता. "पाव्हण्यांना काय झालं म्हणे?" त्याने विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग टोपी उचलून डोक्यावर चढवली, छाती पुढे काढली.

"काय नाय. आमच्या जावयाला गोल्फ खेळताना लागलं."

शेजारी बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आमचा जावई नुसता मोटरसायकलवरनं पडला होता."

एकदा तोंडातून जावई गेल्यावर नानांना माघारी फिरायला वाट उरली नाही. मी स्टुलावर पाय ठेवून बसलो आणि सुपारी फुटली. येणारा प्रत्येक पाहुणा वाकून पायाचं विचारायचा, आणि नाना प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच सुरात, तेवढीच छाती पुढे काढून सांगायचे. त्यात गोल्फचा अंश नव्हता, पण सातत्य असं की एकदाही एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मी शेजारी बसून दर वेळी मान डोलावत होतो.

घरी आल्यावर मी खेळाच्या कंपनीला शेवटचं लिहून टाकलं. इंग्रज म्हाताऱ्याचं बरोबर आहे, खरा गोल्फ तो म्हणतो तसाच असतो, हे मी जातीने पाहिलं आहे. तरीही माझं मत सातत्यालाच धरावं. खरेपणाच्या भरवशावर राहिलो असतो, तर मी आज लंगडा आणि बिनलग्नाचा असतो. आता फक्त लंगडा आहे.