जयवंताचा डावा कान

माझा पाठचा भाऊ रूपराव बायकोला मारायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, बैलाला पाणी उशिरा दाखवलं म्हणून, आणि कारणच सापडलं नाही तर उलट बोलली म्हणून. मी आनंदाबाई, नवरा गेल्यावर अल्लीपूरला माहेरीच राहत होते. मधे पडले की मलाही ढकलायचा. मेल्याचे हात झडोत, असं मी कितीदा तरी म्हटलंय.

शहात्तरच्या उन्हाळ्यात गावात गालफुगी आली. लेकरांना झाली, रूपरावच्या बायकोला, जयवंतालाही झाली. दोन्ही गाल सुजले, तोंड उघडेना. चार दिवस ती तापानं फणफणत पडून होती. पाचव्या दिवशी रूपराव वावरातून आला, चूल थंड दिसली, आणि त्यानं त्याच सुजलेल्या गालावर अशी थप्पड हाणली की ती जात्यावर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. सकाळी मला म्हणाली, "बाई, डाव्या कानानं काईच आयकू येत नाई."

गावभर झालं, रूपरावनं बायकोचा कान फोडला. पवनारहून तिचा भाऊ भैयाजी दोन गडी घेऊन आला. भर चौकात त्यांनी रूपरावला लोळवला, लाथांनी तुडवला, दोन दात पाडले. "पुन्हा हात उचलला त खांद्यातून उपटीन," भैयाजी म्हणाला. मला भावाची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू?

मी जयवंताला वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं. पडदा शाबूत होता. कान कधीपासून बंद झाला, त्यांनी विचारलं. तिनं मान खाली घातली. "तापाच्या तिसऱ्या दिसापासून. आधी घूं घूं झालं, मंग बंदच पडला."

"गालफुगीचे विषाणू कानाच्या आतल्या नसेपर्यंत जातात," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक एकच कान जातो. पण गेला की परत येत नाही."

म्हणजे थप्पड बसली तेव्हा कान गेलेलाच होता. बसमध्ये तिनं माझा हात घट्ट धरला. "बाई, घरी सांगू नोका. त्याईचा हात थांबला हाय."

नऊ वर्षं मी सांगितलं नाही. रूपराव हात उचलायचा, तिच्या कानाकडे बघायचा आणि खाली घ्यायचा.

पंच्याऐंशीत एका नर्सबाईनं गावात येऊन गालफुगीची माहिती दिली, तिच्यानं एखादा कान कायमचा जातो हेही सांगितलं. ती ऐकून रूपराव तडक घरी आला. हातात बैल हाकायची काठी, तुतारी. "गालफुगीनं गेलता न तुहा कान? माहे दात फुकट पाडले!"

जयवंता भाजी निवडत होती. ती उठली नाही. पदर सारून तिनं उजवा कान पुढे केला. "हो, खोटं बोलली मी. आता हा फोडा. मंग मले खोटं बोला लागणार नाई."

त्यानं तुतारी उगारली. मी ती मागून हिसकली आणि त्याच्याच पाठीत घातली. किती घातल्या देव जाणे. "कान गालफुगीनं नेला रे," मी ओरडत होते, "पण थप्पड गालफुगीनं नोती मारली, तूनं मारली!"

तो भिंतीशी मटकन बसला. आणि एवढ्या वर्षांत जयवंता पहिल्यांदा मोठ्यानं रडली.