फोटोत एकटाच दिसणारा धनेश

मामाच्या अंगणात शिरले तेव्हा तो पिसं काढत बसला होता. पिसं राखाडी होती, म्हणून आधी मला कबुतर वाटलं. मग परातीत ठेवलेली मोठी, वाकडी चोच दिसली. चोचीवर छोटंसं शिंग होतं. कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून मी नुसती उभी राहिले.

मामी चुलीजवळून हसत म्हणाली, “तुन्हा मामानी वैद्यकी चालू करी शे. ह्या पाखरूनी चरबी गुडघाले लावी का मी पळतच शहादाले जासू!”

मला हसता आलं नाही. मी त्या पक्ष्याला ओळखत होते. रोज सकाळी त्याचेच फोटो काढत होते.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. सुट्टी लागताना प्राणिशास्त्राच्या सरांनी विभागाचा जुना कॅमेरा माझ्या हवाली केला आणि सांगितलं, गावाकडचे पक्षी टिप, त्यांची नावं शोध, ते काय खातात, कसे राहतात ते बघ. तोवर मला सगळी पाखरंच होती. म्हसावदच्या पुढे मामाचा पपईचा मळा आहे. मळ्यापलीकडच्या नाल्याकाठी मला हा धनेश दिसला आणि त्याचं नाव पुस्तकात सापडलं तेव्हा इतका आनंद झाला, की तो कुणाला सांगायचा तेच कळेना.

पुस्तकात पुढे जे लिहिलं होतं ते मला खरं वाटलं नव्हतं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून विष्ठेनं, चिखलानं लिंपून टाकते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. ती नवी येईपर्यंत तिला आणि पिलांना नर एकटा भरवतो. नाल्याकाठच्या जुन्या आंब्यावर मी ती फट लांबून पाहिली होती. नर उंबरं आणायचा आणि फटीतून चोचीचं टोक बाहेर यायचं. पण सरांची सक्त ताकीद होती. घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही, आणि घरटं कुठे आहे ते कुणालाही सांगायचं नाही. मी दोन्ही पाळलं. फोटो काढले ते फांदीवर बसलेल्या नराचेच. संध्याकाळी मामा ते कौतुकानं बघायचा.

“मामा, हा का मारला?” मी विचारलं.

“काय व्हयनं? जोडीनं पाखरू मी कधी मारं नही,” मामा म्हणाला. ते खरं होतं. त्याच्या गलोलीचा हा नियम सगळ्या घराला माहीत होता. जोडीतलं पाखरू त्यानं हातातोंडाशी आलेलं असतानाही सोडून दिलेलं मी पाहिलंय. “हाऊ तर एकला व्हता. तुन्हा समदा फोटोमा एकलाच शे ना!”

मी अंगणातच खाली बसले आणि कसंबसं सांगितलं, की त्याची बायको झाडात आहे, लिंपून घेतलेली, पिलं घेऊन.

मामाला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. हात न धुताच तो उठला.

मी त्याला नाल्याकाठी नेलं. आंब्याखाली गेल्यावर फटीतून चोचीचं टोक दिसलं. आतून पिलांची बारीक चिरचिर येत होती. मामा खोडाला हात घालत म्हणाला, “भिताड फोडी टाकू का? बाहेर काढूत तिले.”

“नको! तिला पिसं नसतील. खाली पडली तर कुत्री फाडतील.” मामाला आयुष्यात पहिल्यांदा मी ‘नको’ म्हटलं असेल. आणि मला तरी नक्की कुठे माहीत होतं? सगळं पुस्तकातलं.

आंबे उतरवायच्या बांबूचं टोक मामानं चिरलं, त्यात उंबर अडकवलं आणि बांबू फटीपाशी नेला. चोच झटकन आत गेली. आम्ही वाट पाहिली. परत नेला, परत तेच. अंधार पडताना मामा म्हणाला, “तू घर जा,” आणि तो मात्र तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं उंबर घेतलं. बांबूला बसलेला हिसका मामाच्या खांद्यापर्यंत गेला असावा. तो दचकून म्हणाला, “लिधं वं बाई, लिधं!” त्यानंतर तो सकाळ-दुपार उंबरं भरवत राहिला. त्या मारलेल्या नराचं पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही. मामीनंही गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

एका सकाळी आम्ही गेलो तर लिंपण फुटलेलं होतं. खाली ढेकळं पडली होती. मामा बांबू टाकून झुडपांत रक्त, पिसं शोधायला लागला. मला वर बघायचा धीर होईना. तेवढ्यात डोक्यावर कर्कश आवाज झाला आणि फांदीवरून एक राखाडी पाखरू उडालं. पंख पूर्ण होते. चोचीवरचं शिंग नरापेक्षा जरा लहान होतं. ती उंबराच्या दिशेनं सरळ गेली.

ढोलीत काहीतरी हलत होतं. मी कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिलं. पिलाची चोच फुटक्या कडेवर काहीतरी थापत होती. पिलं ढोलीचं तोंड आतून पुन्हा बुजवत होती.

मी कॅमेरा मामाकडे दिला. तो डोळा लावून खूप वेळ बघत राहिला.

“ह्यासले कोणी शिकाडं?” त्यानं हळूच विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्यानं कॅमेरा परत केला नाही, तसाच बघत राहिला.