मावशीचा फोन उचलायचा नसतो

फोनवर एक शब्द न बोलता धंदा, संसार आणि भांडणं या तिन्ही गोष्टी चालवणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि ती माझी मावशी आहे. ती बेलापूरजवळच्या दिवाळे गावात राहते, मासळी विकते, आणि मोबाइल कंपन्यांना इतकं नकोसं गिऱ्हाईक दुसरं मिळालं नसेल. माझं बालपण युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. कंपन्यांचा हात आपल्या खिशात कसा जाऊ द्यायचा नाही, यावर मी तासभर बोलू शकते. मावशी बोलत नाही. ती रिंग देते आणि कापते. एक रिंग म्हणजे होडी लागली, ताजी मासळी आहे, या. दोन म्हणजे आज फक्त बोंबील. तीन म्हणजे मला बोलायचंय, तू फोन कर. पाच म्हणजे कुणीतरी गेलं. नेरुळ-बेलापूरच्या सोसायट्यांमधल्या तिच्या गिऱ्हाइकांना हे पाढ्यासारखं पाठ आहे. एकदा नव्याने राहायला आलेल्या एका साहेबांनी सौजन्य म्हणून पहिल्याच रिंगला फोन उचलला. मावशी कडाडली, "उचललास कशाला? घाई झालीवती तुला?" साहेब घाबरून सॉरी म्हणाले. "आता उचललाच हायस तर दोन किलो कोलंबी घे," मावशी म्हणाली, आणि त्यांनी घेतली. त्यांच्या घरात सगळे शाकाहारी आहेत, हे नंतर कळलं.

समोरून आलेला फोन मात्र ती सणासारखा साजरा करते, कारण तो फुकट. क्रेडिट कार्ड विकणारी मुलं रोज शेकडो लोकांच्या शिव्या खातात. मावशीकडे त्यांना प्रेम मिळतं. अशाच एका मुलाला तिने अर्धा तास धरून ठेवलं. आपले गुडघे, लेकीचं लग्न, सुरमई महाग का झाली, सगळं सांगितलं. त्याने दोनदा "मॅडम, कार्ड..." असं म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, "मॅडम, मला जायला हवं, सर बघतायत." मावशी म्हणाली, "बरं बाला, उद्या कर." पुढे, नुसता फोन यायलासुद्धा दर महिन्याला रिचार्ज मारावा लागेल असा नियम आला, तेव्हा तिचा संताप पाहण्यासारखा होता. "लोक मना बोलवनार, आनि पैसं मी देनार?" या एका वाक्यात जे होतं ते मी चार पानी पत्रकात मांडलं आणि शंभर प्रती तिच्याकडे वाटायला दिल्या. तिने त्या खरंच घरोघर पोचवल्या. प्रत्येकीत पाव किलो सुका जवळा बांधलेला होता.

अशी ही बाई लेकीच्या बाळंतपणासाठी शारजाला निघाली. तिकडे इंटरनेटवरून फुकट बोलायला बंदी, आणि इकडे काकांकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे, बटणांचा फोन. म्हणून मी रात्रंदिवस अभ्यास करून तिच्यासमोर तीन वाटा ठेवल्या: इथूनच रोमिंगचा पॅक घ्यायचा, तिकडे उतरल्यावर तिकडचं सिम घ्यायचं, किंवा जावयाच्या फोनवरून बोलायचं. पॅकवाल्यांची लूट हा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, पण तिथवर मी पोचलेच नाही.

"उचलला नाय तर पैसं लागतान?" मावशीने विचारलं.

"नाही. पण मावशी..."

"मंग झालं. मी काय तिकडं भाषन द्यायला चाललंय?"

गेल्या वर्षी काकांच्या छातीत दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, बसल्या. तेव्हापासून ते होडीवर जात नाहीत, घरापुढच्या ओट्यावर जाळी विणत बसतात आणि मावशीच्या धाकाने गोळ्या घेतात. त्यांना एकटं सोडून जायला ती तयारच नव्हती. लेक रडली तेव्हा कुठे हो म्हणाली. म्हणून जाण्याआधी तिने काकांकडून नवी खूण घोटून घेतली. रोज सकाळी सातला त्यांनी तिच्या फोनवर एक रिंग द्यायची. म्हणजे मी उठलो, गोळी घेतली, बरा आहे. मग तिने उलट एक रिंग द्यायची. म्हणजे कळलं. आठ दिवस तिने त्यांच्याकडून सराव करून घेतला. ती स्वयंपाकघरात, काका ओट्यावर. "वाजला का लगेच काप! कानाला लावू नको, बोट तयार ठेव!" काकांनी आयुष्यभर तिचं ऐकलं होतं, तेव्हा हेही ऐकलं. शारजाच्या विमानतळावर उतरताच तिच्या फोनवर कंपनीच्या स्वागताचा संदेश आला. तो वाचला तरी पैसे कापतील, या भीतीने तिने फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन गाठी मारल्या. गाठी रोज सकाळी रिंगेपुरत्या सुटत. बारा दिवस हे घड्याळासारखं चाललं. लेकीला मुलगी झाली. फोटो माझ्याकडे आले, मी काकांना नेऊन दाखवले. तेराव्या दिवशी शारजात रिंग आली नाही.

चौदाव्या दिवशीही नाही. मावशीने जावयाकडून मला संदेश पाठवला: काका कसे आहेत? मी लगेच लिहिलं: ठणठणीत. मला वाटलं, विषय संपला. प्रत्यक्षात तिथूनच तो पेटला. मावशी जावयाला म्हणाली, "ही पत्रकं लिवनारी पोर. हिचं लिवलेलं काय खरं धरायचं? पोरगी वली बालंतीन, म्हनून लपवतान माझ्यापासून." त्या रात्री ती जेवली नाही, असं जावयाने मला नंतर सांगितलं. खरी गोष्ट इतकीच होती की काकांच्या फोनचा रिचार्ज संपला होता; फोन येणं अजून थोडे दिवस चालू राहणार होतं, लावणं मात्र बंद. तो दर महिन्याला मावशीच मारायची, आणि बाळंतविड्याच्या गडबडीत एवढंच राहिलं. रिचार्ज संपल्याचं सांगणारी बाई काकांच्या फोनमध्ये रोज सातला बोलायला लागायची, पण काका शिकवल्याप्रमाणे ताबडतोब कापत होते. कानाला लावायचाच नव्हता ना! मावशीची रिंग का येत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, "नातीत रमली आसंल."

पंधराव्या दिवशी सकाळी मी दिवाळ्याला काकांसाठी घावन घेऊन गेले होते. काका ओट्यावर होते, जाळं मांडीवर, फोन शेजारी. तो वाजला. मावशीचा नंबर. काका हसले, हात न लावता म्हणाले, "एक. बघ, आली." फोन थांबला नाही. "दोन... तीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चार." हसू गेलं. "पाच." आणि तो वाजतच राहिला. काकांच्या हातातून जाळं गळलं. "पोरगी गो," ते म्हणाले, "का बाल?" त्यांचा चेहरा असा राखेसारखा झाला की मला त्यांच्या छातीतल्या स्प्रिंगा आठवल्या. मावशीचा फोन उचलायचा नसतो, हे माझ्याही हाडात इतकं भिनलेलं की माझाही हात जागचा हलेना. शेवटी मी उचलला.

पलीकडून मावशीचा आवाज आला, इतका बारीक की मी ओळखलाच नाही. "कोन?"

"मावशी, मी. काय झालं तिकडे?"

"हितं काय नाय. दोघी बऱ्या हान. तुझा काका?"

"हे काय, इथेच बसलेत."

"खोटं बोलू नको, बाय. तुला आयशीची शप्पत हाय."

"अगं, देते ना."

"बोलाया नको सांगू त्यांना. नुसतं खोकाया सांग. मी वलखीन."

मी फोन काकांच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "पोरगी बरी आहे, बाळ बरं आहे. आता खोका." काकांना काहीच उमजलं नाही, पण ते खोकले. इतकं मन लावून खोकताना मी माणूस पाहिला नाही. पलीकडून एक हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ शिव्या. मग फोन त्यांच्याकडेच राहिला. "गोली घेतली का?" "घेतली." "कंची, पांढरी?" "पांढरी." "बाल कुनासारकं हाय गो?" "तुमच्यासारकं. नकटं." असं चाललं होतं. एका मिनिटाला कंपनी किती ओरबाडते हे मला तोंडपाठ होतं, तिलाही होतं. ती बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर कोण लक्ष ठेवतं हे विचारत होती. अडीअडचणीला असू दे म्हणून मी तिच्याशी भांडून तिच्या फोनमध्ये थोडे पैसे टाकले होते, ते एका वाक्याच्या मध्येच संपले.

काकांना ते कळलं नाही. ते मुका फोन कानाला धरून कितीतरी वेळ ओट्यावर बसून होते आणि मधूनमधून हं, हं म्हणत होते.